छातीतली घरघर म्हणजे दमाच का?

पाऊस लागला की जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये आया आम्हाला एकच प्रश्न विचारतात, “ताई, पोऱ्याले दमा व्हयना का?” मूल दीड-दोन वर्षांचे असते, नाक गळत असते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असतो.

लहान मुलाच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद. आरएसव्ही किंवा रायनोव्हायरस हे सर्दीचे विषाणू आत शिरले की शरीर त्यांच्याशी झुंजते. त्या झुंजीत नळीचे अस्तर सुजते, कफ साठतो आणि हवेला वाट उरत नाही. अमेरिकेतील टक्सन शहरात १९८० पासून मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. तिसऱ्या वर्षाच्या आत घरघर झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबली होती.

बाकीच्यांचे काय? सर्दी मुरली की ॲलर्जी होते, असे आपल्याकडे म्हणतात. विस्कॉन्सिनमधील अभ्यासात क्रम उलटा दिसला : ॲलर्जीची प्रवृत्ती आधी, रायनोव्हायरसची घरघर नंतर. विषाणूला रोखण्यासाठी पेशी इंटरफेरॉन सोडतात. ॲलर्जीच्या मुलांमध्ये आयजीई ही प्रतिद्रव्ये जास्त असतात आणि इंटरफेरॉन कमी पडते, म्हणून साधी सर्दीही छातीत उतरते. अंगावर खाजरा इसब, आईवडिलांपैकी कोणाला दमा, सर्दी नसतानाही घरघर, यांतले काही असेल तर मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तरी ‘सुई मारा’ असा आग्रह होतो, आणि मारणारेही भेटतात. डॉक्टरांनी पंप दिला तर त्याची सवय लागत नाही. औषध थेट फुप्फुसात जाते, त्यामुळे थोडेच पुरते. मुलीचे पुढे स्थळ मोडेल म्हणून पंप पिठाच्या डब्यात लपवलेला आम्ही पाहिला आहे. त्या रात्री तो वेळेवर सापडला नाही. मुलगी वाचली, पण पहाटेपर्यंत ऑक्सिजनवर होती.

पऱ्हाट्यांच्या चुलीचा आणि बिडीचा धूर सुजलेल्या नळ्यांना आणखी चिडवतो. चुलीसाठी बाईला बोल लावू नका, सिलिंडर भरायला पैसे कोण देते ते आधी विचारा. बिडी मात्र घराबाहेरच.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध घेत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा.