पुढच्या चाकांचें कुलूप

आपल्या जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके पावसाची वाट पाहतात, तर पश्चिमेकडील अकोले तालुक्यांत घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या बाजूस आषाढ-श्रावणांत रस्ता कोणता व ओढा कोणता हें ओळखणेंही कठीण होतें. अशा ठिकाणीं चारी चाकांनीं ओढणारी गाडी ही चैन नसून गरज आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं किंवा शेतावर अशी एखादी जुनी गाडी असेल. तिच्या एका लहानशा भागाची, म्हणजे पुढच्या चाकांतील स्वयंचलित हबाची, माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही माहिती आम्हांस सुखासुखीं मिळाली नाहीं. एका पावसाळ्यांत रतनवाडीकडील एका आजारी वृद्ध गृहस्थांस राजूरच्या दवाखान्यांत नेण्याचें काम आमच्याकडे आलें. वाटेंत एका चढावर गाडी चिखलांत रुतली. चारी चाकांची लिव्हर टाकली, समोरचा दिवाही लागला. परंतु मागचीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरत राहिलीं व पुढचीं स्वस्थ उभीं. शेवटीं जवळच्या वाडींतील आठदहा माणसांनीं ढकलली तेव्हां गाडी निघाली. आजोबा सुखरूप पोंचले. पण वाटेंत गेलेला तो दीड तास आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

आतां हा हब म्हणजे काय तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. त्यांच्या पुढच्या चाकांना ॲक्सलचे शाफ्ट कायमचे जोडलेले असत. त्यामुळें साध्या सडकेवर केवळ मागचीं चाकें ओढीत असलीं तरी पुढच्या चाकांबरोबर ते शाफ्ट व त्यांचे गिअर विनाकारण फिरत. झीज होई व इंधन फुकट जाई. यावर उपाय म्हणून अमेरिकेंत आर्थर वॉर्न यांनीं १९४८ सालीं हा सांधा हवा तेव्हां तोडतां व जोडतां येईल असे हब विकण्यास आरंभ केला. ते हातानें फिरवावे लागत. म्हणजे चालकास चिखलांत उतरणें प्राप्त होतें. पुढें तो त्रासही वाचावा म्हणून स्वयंचलित हब निघाले.

त्याची रचना अशी. हबाच्या आंत दांत्यांची एक सरकती कडी असते. तिच्याजवळ उतरत्या कडेची दुसरी एक कडी असते. तिला कॅम म्हणतात. कॅम हा चाकाबरोबर न फिरणाऱ्या भागाच्या आधारानें बसविलेला असतो. ॲक्सलचा शाफ्ट फिरूं लागला कीं सरकती कडी कॅमच्या उतारावर चढते, पुढें सरकते, आणि तिचे दांते हबाच्या दांत्यांत जाऊन बसतात. शाफ्ट व चाक एक झालें. कुलूप सोडवितांना लिव्हर दोन चाकांवर घेऊन गाडी सरळ दोनतीन मीटर मागें न्यावी. म्हणजे कडी उतारावरून खालीं येते व स्प्रिंग तिला पूर्वस्थळीं नेते.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढच्या ॲक्सलच्या मध्यें असलेला साधा डिफरन्शिअल दोन्ही बाजूंस सारखाच जोर वांटतो. एका बाजूचा शाफ्ट चाकापासून सुटलेला असला, तर तो अडथळ्यावांचून नुसता फिरतो, व म्हणून दुसऱ्या बाजूसही जोर मिळत नाहीं. एकच हब बिघडला तरी पुढचीं दोन्ही चाकें निकामी होतात. आमच्या गाडीचें हेंच झालें होतें.

दोष कोणत्या बाजूस आहे हें ओळखण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद करावें, मागच्या चाकांस दगड लावावे, लिव्हर दोन चाकांवर ठेवावी आणि पुढचीं दोन्ही चाकें उचलून ॲक्सलखालीं मजबूत आधार द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीही गाडीखालीं जाऊं नये. दोघांनीं दोन चाकें घट्ट धरावीं व तिसऱ्यानें पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हातानें फिरवावा. दोन्ही हब जोडले गेले तर तो थोडा फिरून थांबेल. तो फिरतच राहिला, तर ज्या चाकामागचा शाफ्ट फिरतो त्या बाजूचा हब दोषी.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणें:

(१) हबाच्या टोपणाचे बोल्ट काढावे. प्रत्येक भाग ज्या क्रमानें निघेल त्याच क्रमानें स्वच्छ फडक्यावर मांडावा.

(२) शाफ्टच्या टोकाची स्प्रिंगची कडी काढून हब बाहेर ओढावा. ही कडी उडते, डोळे सांभाळावे.

(३) सर्व भाग रॉकेलनें धुऊन पूर्ण कोरडे करावे. दांत्यांच्या कडा, कॅमचा उतार व स्प्रिंग निरखून पहावीं.

(४) हबाच्या भागांस ग्रीसचा केवळ पातळ हात द्यावा. पुष्कळ ग्रीस म्हणजे चांगली निगा, हा समज येथें खोटा ठरतो; घट्ट ग्रीसमध्यें कडी अडकून बसते. चाकाच्या बेअरिंगमध्यें मात्र ग्रीस नीट भरावें, व त्याचा नट गाडीच्या पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें आवळावा.

(५) रबरी कडें नवें घालावें, व बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळीत जावे.

आमच्या हबांत काय सांपडलें? दगडासारखें झालेलें पिवळें ग्रीस व थोडें गढूळ पाणी! फुटलेल्या रबरी कड्यांतून तें आंत शिरलें होतें. एका कारागिरानें नवी जोडी घेण्यास सांगितलें होतें. परंतु एक दुपार, थोडें रॉकेल व दोन रबरी कडीं एवढ्यावर काम भागलें. मात्र दांत्यांच्या कडा गोल झाल्या असतील किंवा कॅम झिजला असेल, तर काटकसर न करतां नवा हब घालावा.

आणखी एक सूचना. कोरड्या व कठीण सडकेवर चारी चाकें जोडून गाडी वळवूं नये. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांस सारखें अंतर कापावें लागत नाहीं. त्यामुळें यंत्रावर ताण पडतो व कुलूपही सहजीं सुटत नाहीं.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, दरसाल मृग लागण्यापूर्वीं एकदां शेताच्या मऊ जमिनींत चारी चाकें जोडून पहावीं, आणि त्या वेळीं मुलांस जवळ उभें करावें. स्वयंचलित म्हणजे आपणांस गाडींतून उतरावें लागत नाहीं इतकेंच. आपण कधींच पाहूं नये असा त्याचा अर्थ नव्हे. रोगी गाडींत असतां हबाची परीक्षा घेण्याची पाळी कोणावरही न येवो.