समाजाचं काम करायला साहेबच व्हावं लागतं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की वाशीम, रिसोड, कारंज्याकडचे पालक दरवर्षी तेच दोन प्रश्न घेऊन येतात. अकोल्याला नीटचा क्लास लावायचा का? आणि ‘सायन्स नको, मला समाजासाठी काहीतरी करायचंय’ म्हणणाऱ्या मुलाला पदवी झाल्या झाल्या पुण्याला एमपीएससीसाठी पाठवायचं का? पहिल्याचं उत्तर एका वाक्याचं आहे: मुलाला जीवशास्त्र मनापासून आवडत असेल आणि फी कर्ज न काढता भरता येत असेल तर लावा, नाहीतर नको. दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्यायला हवा. समाजाचं काम करायचं तर आधी सरकारी पद हवं, या समजुतीपायी राज्यसेवेच्या मोजक्या जागांसाठी लाखो अर्ज येतात आणि मुलांची ऐन विशीतली पाच-सहा वर्षं अभ्यासिकेत जातात. ही समजूतच चुकीची आहे.

आपलंच उदाहरण घ्या. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातून या यादीत चारच जिल्हे होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम. पोषण, शाळा, शेती, पाणी अशा प्रश्नांवर सरकार एकट्याने पुरं पडत नाही, हे या कार्यक्रमाच्या रचनेतच मान्य केलेलं आहे. २०१७ मध्ये कारंजा तालुका जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत उतरला, तेव्हा जलयुक्त शिवारची योजना शासनाची होती, पाणलोटाचं प्रशिक्षण पानी फाउंडेशनचं आणि घाम गावकऱ्यांचा. अशा प्रत्येक कामात शासन आणि गाव यांच्या मध्ये एक माणूस लागतो: समाजकार्यकर्ता. त्याला शासन निर्णयाची भाषा कळावी लागते आणि बंजारा तांड्यावरच्या बाईने ग्रामसभेत न बोललेलंही कळावं लागतं. मानोऱ्याकडच्या, घरात गोरमाटी बोलणाऱ्या मुलीकडे यातली अर्धी पात्रता जन्मापासून आहे. ती भाषा चारचौघांत बोलू नकोस, असं तिला शिकवणाऱ्या पालकांनी आपण काय हिरावून घेतोय याचा विचार करावा.

‘स्वयंसेवी संस्थेतल्या माणसाच्या हातात अधिकार कुठे असतो?’ हा आक्षेप ठरलेला. सहीचा अधिकार नसतो, हे खरं. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने हेच काम देशभरातल्या आशाताईंकडे सोपवलं. गावातल्या स्त्रियांना शिकवून सिद्ध केलेली गोष्ट संस्थेची, ती देशभर नेण्याची ताकद सरकारची. एकाला दुसऱ्याशिवाय हे जमलं नसतं.

पगाराचा आणि शाश्वतीचा आक्षेप मात्र खरा आहे, तो टाळून चालणार नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, नेमणूक प्रकल्पापुरती असते. मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली आणि पुढे देशभर स्वयंसेवी संस्थांनी चालवली. २०२३ मध्ये सरकारने ती आपल्या यंत्रणेत घेतली, तेव्हा त्या संस्थांच्या हातून हे काम गेलं. म्हणून नुसत्या तळमळीवर या क्षेत्रात येऊ नका, शिकून या. बारावीनंतर बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी, पुढे एमएसडब्ल्यू. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था किंवा टाटा संस्थेचा तुळजापूरचा परिसर. ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’, महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे ‘माविम’, बाल संरक्षण कक्ष आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीवरचे प्रकल्प, सगळीकडे हे शिक्षण कामी येतं. एक प्रकल्प संपला तरी हिशेब मांडणारा, सर्वेक्षण करणारा, अहवाल लिहिणारा माणूस दुसरीकडे लागतोच. बोगस संस्थाही आहेत. तेव्हा धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि लेखापरीक्षण तपासा, नेमणूकपत्र लेखी घ्या आणि पदाच्या बदल्यात पैसे मागणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

आता पालकांशी स्पष्ट बोलतो. ‘लोक काय म्हणतील’, ‘लग्न कसं जमेल’ या भीतीची किंमत तुम्ही मुलाच्या वर्षांनी मोजता. सोयाबीनच्या पैशातून पुण्याच्या खोलीचं भाडं भरता, आणि तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षा हुकल्यावर तो गावी यायला लाजतो, सणाला येणंही टाळतो. त्याला स्पर्धा परीक्षा द्यायचीच असेल तर दोन प्रयत्नांची मुदत आजच एकत्र बसून ठरवा. आणि त्याला तांड्यावर, अंगणवाडीत, पाणलोटात काम करायचं असेल तर त्याला अडवू नका. बीएसडब्ल्यूला बारावीच्या कोणत्याही शाखेतून जाता येतं. प्रवेश संपण्याआधी एकदा जवळच्या समाजकार्य महाविद्यालयात त्याला घेऊन जा.