शब्दाभ्यास : लोभ

अभ्यासासाठी वाचन : निर्गम २०:१७, यहोशवा ७, लूक १२:१३-२१, कलस्सै ३:५

मराठी माणूस पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहितो. तोच माणूस रविवारी उपासनेत दहावी आज्ञा ऐकतो आणि लोभ धरू नये हे मान्य करतो. एकच शब्द एकीकडे आपण दुसऱ्याकडे मागतो आणि दुसरीकडे देव तो आपल्याला वर्ज्य करतो. ह्यात विसंगती आहे काय? आणि नसेल, तर ह्या एका शब्दाच्या पोटात काय काय दडले आहे? ह्या महिन्याच्या पाठात आपण त्याचा विचार करू.

१. आपल्या बोलीतला लोभ

‘लोभ’ हा शब्द संस्कृत ‘लुभ्’ ह्या धातूपासून आला आहे. मन ओढले जाणे हा त्याचा मूळ भाव. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की इंग्रजीतील ‘लव्ह’ हा शब्दही ह्याच प्राचीन कुळातला आहे. म्हणून लहान मुलाचा चेहरा ‘लोभस’ असतो आणि त्यात काही वाईट नसते. ओढ माणसाकडे असली की तिला आपण माया म्हणतो. तीच ओढ वस्तूकडे, त्यातही दुसऱ्याच्या वस्तूकडे वळली की तो षड्रिपूंपैकी एक होतो.

हैदराबादेत राहणाऱ्या आपल्या लोकांना ह्या शब्दाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. शेजारच्या तेलुगू घरात ‘लोभी’ म्हटले तर त्याचा अर्थ कंजूष असा होतो. मराठीत लोभी म्हणजे घेण्यासाठी हात पुढे करणारा. तेलुगूत लोभी म्हणजे देण्यासाठी मूठ न उघडणारा. हावेला तेलुगूत ‘दुराशा’ किंवा ‘अत्याशा’ म्हणतात. आपण ज्याला आशा म्हणतो तीच वाईट वाटेने गेली किंवा अति झाली, की तिला हे नाव मिळते. तेलुगू पवित्र शास्त्रात दहाव्या आज्ञेचे क्रियापदही ह्या ‘आशे’वरूनच आले आहे. जुन्या शहरातील उर्दू बोलणारा ‘लालच’ म्हणतो. ती हाव धरणाऱ्याच्या मनात असते. आपण मराठीत मात्र बहुधा ‘लालूच दाखविली’ असे म्हणतो, म्हणजे दोष दाखविणाऱ्याकडे सरकवितो! एकाच गल्लीतल्या तीन भाषांनी ह्या पापाच्या तीन बाजू जपून ठेवल्या आहेत : घेणे, न देणे आणि भुलणे.

२. जुन्या करारातील शब्द

दहाव्या आज्ञेतील मूळ इब्री क्रियापद ‘हामाद’ हे आहे. अमुक वस्तू हवीशी वाटणे, असा त्याचा अर्थ. हा शब्द स्वतः वाईट नाही. एदेन बागेतील झाडे दिसण्यात मनोहर होती (उत्पत्ति २:९) हे सांगताना हाच शब्द आला आहे. देवाचे निर्णय सोन्याहून इष्ट आहेत असे स्तोत्रकर्ता म्हणतो (स्तोत्र १९:१०), तेथेही हाच शब्द आहे. मग आज्ञेत पाप कोठे येते? ते ‘शेजाऱ्याचे’ ह्या शब्दात येते. घर हवेसे वाटणे हे पाप नव्हे. शेजाऱ्याचे घर हवेसे वाटणे हे पाप आहे.

आखानाच्या कबुलीत (यहोशवा ७:२१) ह्या पापाची वाट स्पष्ट दिसते. त्याने पाहिले, त्याला हवेसे वाटले, त्याने घेतले आणि तंबूत पुरून ठेवले. पाहणे, हवेसे वाटणे, घेणे : हीच तीन क्रियापदे ह्याच क्रमाने हव्वेच्या गोष्टीत (उत्पत्ति ३:६) आहेत. मीखा संदेष्टा (२:२) शेते आणि घरे बळकावणाऱ्यांविषयी बोलतो, तेव्हा तोही सुरुवात ‘हामाद’नेच करतो. मनातील गोष्ट मनातच राहत नाही, ती शेताच्या बांधापर्यंत जाते.

दुसरा इब्री शब्द ‘बेत्सा’ हा आहे. त्याच्या मुळाशी ‘कापणे’ आहे. विणकर मागावरचे कापड कापून घेतो त्याला हेच क्रियापद वापरले आहे (यशया ३८:१२). ‘बेत्सा’ म्हणजे दुसऱ्याच्या वाट्यातून कापून घेतलेला लाभ. दुकानदाराने जास्त पैसे लावले की ‘त्याने मला कापले’ असे आपण म्हणतोच! मोशेच्या सासऱ्याने त्याला सल्ला दिला की अशा लाभाचा द्वेष करणाऱ्यांनाच अधिकारी नेमावे (निर्गम १८:२१). असा लाभ करणारा आपल्याच घराला दुःख देतो, असे नीतिसूत्रे १५:२७ मध्ये सांगितले आहे.

३. नव्या करारातील शब्द

नव्या करारात मुख्य ग्रीक शब्द ‘प्लेओनेक्सिआ’ हा आहे. ‘प्लेओन’ म्हणजे अधिक आणि ‘एखेइन’ म्हणजे असणे, बाळगणे. किती अधिक, हे त्यात सांगितलेले नाही, आणि तेथेच त्याचे विष आहे. ‘पुरे’ हा मुक्काम ह्या शब्दाच्या वाटेवर नाही. ह्याच शब्दाचे क्रियापद पौलाने ‘दुसऱ्याला नाडणे’ ह्या अर्थी वापरले आहे (२ करिंथ १२:१७-१८). माझे अधिक झाले तर कोणाचे तरी उणे होते, हे ग्रीक भाषेला माहीत होते.

दुसरा शब्द ‘फिलार्गुरिआ’, म्हणजे रुप्यावरचे प्रेम. आपला ‘रुपया’ही रुप्यावरूनच आला आहे, त्यामुळे हा शब्द आपल्याला समजायला सोपा आहे. १ तीमथ्य ६:१० मध्ये हाच शब्द आहे. सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ म्हणून तेथे पैसा सांगितलेला नाही, पैशावरचे प्रेम सांगितले आहे. तेलुगू शास्त्रात तेथे ‘धनापेक्षा’ असा शब्द आहे. मराठी कानाला तो ‘धनाहून’ असा ऐकू येतो, आणि मनात प्रश्न उभा राहतो : धनापेक्षा मला अधिक काय आहे?

मराठी शास्त्रात ‘हामाद’, ‘प्लेओनेक्सिआ’ आणि ‘फिलार्गुरिआ’ ह्या तिन्हींचा भार ‘लोभ’ ह्या एकाच शब्दावर आला आहे. वाचताना हे ध्यानात ठेवावे. कलस्सै ३:५ मध्ये लोभाला मूर्तिपूजा म्हटले आहे, तेथे मूळ शब्द ‘प्लेओनेक्सिआ’ आहे. ज्याच्यावर आपला भरवसा, ज्याच्यासाठी आपला दिवस आणि ज्याच्या जाण्याचे आपल्याला भय, तेच आपले दैवत.

४. वाटणी मागणारा भाऊ

लूक १२:१३-२१ हा उतारा बारकाईने वाचा. एक मनुष्य प्रभूला सांगतो की, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. त्याची मागणी खोटी होती असे लूक लिहीत नाही. कदाचित त्याचा वाटा खरोखरच अडविलेला असेल. तरीही प्रभू न्यायाधीश होण्याचे नाकारतो आणि ‘प्लेओनेक्सिआ’विषयी सावध करतो, तेही त्या एकाला नव्हे, तर सर्वांना. अडविणारा भाऊ आणि मागणारा भाऊ ह्या दोघांच्याही मनात लोभ असू शकतो. हक्क खरा असला म्हणून मन निर्मळ असतेच असे नाही.

पुढच्या दाखल्यातील धनवान चोर नाही. त्याचे पीक देवाच्या पावसाने आले आहे. पण त्याचे बोलणे ऐका : माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. त्याच्या सगळ्या बोलण्यात दुसरा माणूसच नाही. आणि शेवटी देव त्याला जो प्रश्न विचारतो तो हिशेबाचा आहे : आता हे कोणाचे होणार?

आपल्या शहराने हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांना १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले. त्यांच्याजवळचा जेकब हिरा सुमारे १८५ कॅरटचा होता आणि ते तो कागदावर वजन म्हणून ठेवीत असे सांगतात. त्यांच्या काटकसरीच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु उस्मानिया विद्यापीठ त्यांच्याच काळात १९१८ साली उभे राहिले, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतील अतिथिगृहालाही निजामाचे नाव आहे. त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणे आपले काम नव्हे. पाहायचे ते एवढेच की साठविलेल्याचे पुढे काय झाले.

सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्याच्या धामधुमीत, संस्थानाचे १० लाख ७ हजार ९४० पौंड लंडनच्या एका बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे जमा झाले. निजामांनी ते लगेच परत मागितले. बँकेने कोणालाच दिले नाहीत. १९५७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत वाद गेला आणि अडकून पडला. १९६७ साली निजाम वारले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने भारत सरकार आणि निजामांचे दोन नातू ह्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास झाली होती. त्यानंतरही घराण्यातील इतर वारस आपल्या वाट्यासाठी न्यायालयात गेलेच. जेकब हिऱ्यासह १७३ अलंकार भारत सरकारने १९९५ साली २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. आता हे कोणाचे होणार, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळायला एका ठेवीच्या बाबतीत ७१ वर्षे लागली!

५. आपल्या घरातला लोभ

निजामाची गोष्ट ऐकून आपण सुटलो असे वाटेल, कारण आपल्याजवळ हिरे नाहीत. परंतु आपल्याजवळ वडिलांचे घर आहे. शहरातील जमिनीचे भाव चढले, जुने घर पाडून सदनिका बांधण्याची बोलणी सुरू झाली, की बहिणीकडे एक कागद येतो : हक्कसोडपत्र. ‘तुझे लग्नात झालेच की’ असे तिला सांगतात. न सांगता असेही सुचवितात की माहेरचा लोभ राहायला हवा असेल तर सही कर. पाहा, येथे ‘लोभ’ शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच कागदावर आले! भावाला घराचा लोभ आहे आणि बहिणीला भावाचा लोभ हवा आहे. पहिला लोभ दुसऱ्याची किंमत लावतो.

कायदा येथे स्पष्ट आहे. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता मनुष्य वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश मिळते. उरलेल्याचे सर्व मुलांमध्ये समान भाग होतात; मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. शास्त्रही येथे मुके नाही. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून वडिलांच्या वतनात वाटा मागितला, तेव्हा त्यांचे म्हणणे योग्य आहे असा देवाने निवाडा दिला (गणना २७:१-७). म्हणून मंडळीत कोणी बहीण आपला भाग मागते तेव्हा तिला ‘लोभी’ म्हणण्याची घाई करू नये. ‘हामाद’चा नियम आठवावा : शेजाऱ्याचे ते मागणे हा लोभ, आपले ते मागणे हा लोभ नव्हे. तिने खुशीने सोडले तर ते दान आहे. तिच्याकडून सोडवून घेतले तर ते ‘बेत्सा’ आहे, कापून घेतलेले आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला हीच कसोटी दिली. त्यांची देणगी आशीर्वाद म्हणून तयार असावी, ‘प्लेओनेक्सिआ’ म्हणून नव्हे, असे तो लिहितो (२ करिंथ ९:५). म्हणजे ती पिळून काढलेली नसावी आणि मूठ आवळून दिलेलीही नसावी. मराठीचा लोभी आणि तेलुगूचा लोभी दोघेही त्या एका वचनात येतात. त्याच्या थोडे आधी (८:१५) त्याने मान्न्याची आठवण दिली आहे : ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला उणे पडले नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आखानाच्या चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर थांबणे सर्वांत सोपे होते?

२. लूक १२ मध्ये प्रभूने वाटणी करून देण्याचे का नाकारले? आपल्या मंडळीत असे वाद आले तर वडीलजनांनी काय करावे?

३. ‘पुरे’ हा शब्द आपल्या घरात शेवटी कधी उच्चारला गेला?

४. आपल्या कुटुंबात एखादी सही प्रेमापोटी झाली की दडपणाने, हे तिला विचारण्याची आपली तयारी आहे काय?

लोभ असावा, परंतु तो माणसांवर असावा. वस्तूंना तो ओळखता येत नाही आणि परतही करता येत नाही.