इंग्रजीत आहे ते मराठीत कुठे आहे?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पाडते. मराठीत असं काही आहे का? – एक आई, नागपूर

उत्तर : आहे, फक्त दुकानात त्याचा वेगळा कप्पा नसतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004) आधी द्या. तिचा नायक मुकुंद जोशीही नववीतच आहे. अर्धवट बांधलेल्या इमारतीत मित्रांसोबत टवाळक्या करणारा हा मुलगा वर्गातली शिरोडकर दिसली की गडबडतो. बाहेर आणीबाणी आहे, पण त्याला तिच्या नजरेचं जास्त पडलेलं. शिव्या येतात, येऊ द्या, मुलं तशीच बोलतात.

मुलगी रुळली की प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन, ‘वनवास’ या पुस्तकापासून. कानडी वळणाची मराठी सुरुवातीला अडखळवेल.

नागपूरच्याच आशा बगे यांची ‘भूमी’ मात्र मी सोळा-सतराव्या वर्षापर्यंत राखून ठेवीन. तमिळ-मराठी आईवडिलांच्या मैथिलीची ही गोष्ट संथ चालते. 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे, पण मुलीला ते सांगू नका. पुरस्कार ऐकला की मुलं पुस्तक मिटतात.

आणि वाचून झाल्यावर ‘काय शिकलीस?’ हे तेवढं विचारू नका.