जुन्या झाडाची जुनी चिंच

पानचिंचोलीच्या पटडी चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे गाव लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातलं. माझं माहेरही त्याच बाजूचं, सासर नांदेडचं. दोन्ही घरांत चिंच वर्षाची भरतात, आणि कुठल्या झाडाची, कधी भरलेली, याला मान असतो. इतकी वर्षं चिंच भरताना, चाखताना आणि रांधताना जे कळलं ते मांडते.

१. चिंच गावाची नसते, झाडाची असते. बी रुजून आलेलं प्रत्येक झाड निराळं निघतं. एकाच बांधावर शेजारी उभ्या दोन झाडांपैकी एकाची चिंच साखर-आंबट, तर दुसरीने नुसते दात आंबतात. पण झाड फुलावर असतानाच गुत्त्याने जातं आणि गुत्तेदार दहा बांधांचा माल एका ढिगात ओततो. त्या ढिगात झाडाची चव हरवते. हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘प्रतिष्ठान’ जातीचं कलम लवकर फळाला येतं, चवही सारखी मिळते. नवी लागवड करणाऱ्याने ते जरूर लावावं. मात्र बांधावरचं जुनं झाड वेगळं उतरवून वेगळं ठेवावं, एवढा माझा आग्रह आहे.

२. म्हातारं झाड चांगलं का, याचं उत्तर निम्मं झाडात आणि निम्मं माणसांत आहे. ज्यांची चिंच बेचव, ती झाडं कधीच सरपणाला गेली. जी राहिली ती आजी-पणजींनी चाखून राखलेली. उरलेलं काम मुळांचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातही आमच्या शिवारातल्या जुन्या चिंचा हिरव्या होत्या.

३. भाचा स्पेनमध्ये नोकरीला आहे. त्याने रिओहा भागातली तांबडी वाइन आणली होती, जुन्या वेलींच्या टेंप्रानियो द्राक्षांची. वेल म्हातारी झाली की घड कमी धरते, पण रस दाट देते, असं तो सांगत होता. पहिल्या घोटाला वाळल्या अंजिराचा वास आला, मग ओल्या लाकडाचा, आणि शेवटी जिभेच्या कडांना अगदी ओळखीचा आंबटपणा. ओळखीचा असणारच, कारण द्राक्षातलं मुख्य आम्ल आणि चिंचेतलं मुख्य आम्ल एकच, टार्टारिक. जुन्या वाइनच्या बुचाला कधी कधी बारीक चमकणारे खडे दिसतात, तेही त्याच आम्लाचे क्षार. तिथल्या नियमाप्रमाणे ‘ग्रान रेसेर्वा’ म्हणवणारी तांबडी वाइन किमान ५ वर्षं मुरावी लागते, त्यातली निदान २ वर्षं ओकच्या पिंपात आणि निदान २ बाटलीत. मुरण्याला तिथे कायद्याने किंमत आहे. आपल्याकडे ती फक्त घरातल्या बायकांना ठाऊक आहे, बाजाराला नाही.

४. चाखायची कशी? बोटभर चिंच काचेच्या वाटीत कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. मीठ-गूळ काही घालू नका. आधी वास घ्या. नव्या चिंचेला हिरवट, तिखट वास असतो, तर मुरलेलीला खजुराचा आणि किंचित काकवीचा. मग हाताने हलकं कोळून चमचाभर कोळ जिभेवर फिरवा. वाइन चाखणारे नवीकडून जुनीकडे जातात. चिंचेत मी उलट जाते, कारण नवी इतकी जहाल असते की तिच्यानंतर जुनीचा गोडवा कळतच नाही. दोन वाट्यांच्या मध्ये ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा चावावा. एका बैठकीत तीन-चार झाडं पुरेत, पुढे जीभ खरं सांगत नाही.

५. रंगाला भुलू नका. आडतीवर लालसर चिंचेला भाव, काळीला पाडून मागतात. म्हणून रंग टिकवायला माल शीतगृहात ठेवतात. व्यापाऱ्याचं गणित मला समजतं, पण स्वयंपाकात ते चालत नाही. चिंच काळी पडते ती मुरताना, साखर आणि आम्लाच्या संथ कामामुळे. भिजलेल्या पोत्याची कुबट काळी चिंच वेगळी आणि बरणीत मुरलेली वेगळी. नाकाला फरक लगेच कळतो.

६. जुन्या चिंचेची खरी परीक्षा वेळ अमावस्येला. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर-धाराशिवकडची गावंच्या गावं रानात जातात, कडब्याची कोप करून पूजा मांडतात आणि आंबील-भज्जीवर पंगती बसतात. या दिवसांत झाडावरची चिंच अजून गाभुळलेलीसुद्धा नसते, तेव्हा भज्जीत बरणीतलीच पडते. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी-पालक, कांद्याची पात, आणि हे सगळं बांधून ठेवायला चिंचेच्या कोळात कालवलेलं बेसन. कोळ नव्या चिंचेचा असेल तर आंबटपणा वर तरंगतो आणि गूळ वाढवावा लागतो. दोन उन्हाळे मुरलेली असेल तर गुळाचा खडाही लागत नाही. भज्जीला तपकिरी रंग येतो, ओल्या तुरीचा गोडवा आधी लागतो आणि चिंच मागाहून येते. आई कोळ एकदम ओतत नसे. निम्मा बेसनात, निम्मा चुलीवरून उतरवताना. मीही तसंच करते, आणि सासरकडच्या जावांनीही ते उचललं आहे. नांदेडच्या देगलूर-धर्माबाद पट्ट्यात तेलुगू घरांतलं चारू असंच. पातळ, झणझणीत, आणि चिंच हलकी असेल तर पहिल्याच घोटाला उघडं पडणारं.

७. भरताना चिंच कडक उन्हात वाळवा. चिंचोका, शिरा, टरफल काहीही राहू देऊ नका. चिनी मातीच्या बरणीत खड्याच्या मिठाचे थर देत दाबून बसवा. पितळेला हात लावू नका, कळकतं. चिंचोके टाकायचे नाहीत, त्यांची खळ घोंगडीला लागते.

८. झाडावरून उतरवायची घाई नको. टरफल आतल्या गरापासून सुटून वाजायला लागलं की चिंच तयार झाली. आणि काठीने झोडपू नका. फांदी हलवली तरी पिकलेली खाली येते, झोडपण्याने कोवळे शेंडे मोडतात.

९. रस्ते रुंद होताना दोन्ही कडांच्या जुन्या चिंचा सगळ्यात आधी जातात. तोडायच्या आधी त्यांची चव कुणी घेत नाही. कलम बांधलं तर झाड गेलं तरी चव राहू शकते, आणि हे काम गावातला कुठलाही रोपवाटिकावाला करू शकतो. मानांकन मिळालेल्या भागात तरी हे व्हायलाच हवं.

येत्या उन्हाळ्यात चिंच फोडायला घ्याल तेव्हा घरच्या बांधावरच्या सगळ्यात जुन्या झाडाची वेगळी भरा. बरणीवर झाडाची खूण आणि साल लिहा, आणि ती दुसऱ्या वर्षाच्या वेळ अमावस्येच्या आधी उघडू नका.