नटांनी केलेला नटांचा गौरव

रत्नाची पारख जव्हेऱ्याला असते. शालूचे मोल बाजार ठरवितो; परंतु एकेक धागा बसविताना विणकराचे डोळे किती शिणले, हे दुसरा विणकरच जाणतो. कलावंताचेही तसेच आहे. प्रेक्षकांच्या टाळ्या त्याला प्रिय असतात. पण आपल्याच व्यवसायातील माणसांनी दिलेली शाबासकी त्याला अधिक मोलाची वाटते. अमेरिकेतील लॉस एंजल्स शहरात प्रतिवर्षी होणारा चित्रपट व दूरचित्रवाणी नटांचा गौरव-सोहळा ह्याच भावनेवर उभा आहे.

ह्या सोहळ्याची मुळे एका झगड्यात आहेत. सुमारे ९० वर्षांपूर्वी हॉलिवुडच्या नटांची स्थिती पडद्यावर दिसते तशी सुखाची नव्हती. कामाच्या तासांना मर्यादा नसे. जेवणाच्या सुटीचीही शाश्वती नसे. १९३३ साली मंदीचे कारण पुढे करून चित्रसंस्थांनी वेतनात कपात केली. तेव्हा काही नट एकत्र आले व त्याच वर्षी त्यांनी 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' नावाचा संघ स्थापन केला. निर्माते त्याला मान्यता देईनात. अखेर १९३७ साली नामांकित नटनट्यांनीही सामान्य नटांच्या बरोबरीने संपाची तयारी दर्शविली, तेव्हा निर्मात्यांना संघाशी करार करावा लागला. ज्यांना स्वतःची ददात नव्हती, तेही इतरांसाठी उभे राहिले, हे ह्या विजयाचे रहस्य होय.

ह्याच संघाने १९९५ साली पहिला पुरस्कार-सोहळा केला. पुढे २०१२ साली दूरचित्रवाणी व नभोवाणीवरील कलावंतांचा संघही त्यात विलीन झाला. पुरस्कारांची निवड करण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. प्रथम सभासदांतून कोणताही भेदभाव न करता दोन हजारांहून अधिक जणांची एक समिती चित्रपटांसाठी आणि तशीच दुसरी दूरचित्रवाणीसाठी निवडतात. ह्या समित्या प्रत्येक पुरस्कारासाठी काही नावे सुचवितात. त्यानंतर संघाचे सभासद मत देतात. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. विख्यात तारकेला एक मत आणि गर्दीच्या दृश्यात क्षणभर दिसणाऱ्या नटालाही एकच मत!

विजेत्याला ब्राँझ धातूची एक मूर्ती मिळते. ती १६ इंच उंच असून तिचे वजन १२ पौंडांहून अधिक आहे. मूर्तीच्या एका हाती हसरा मुखवटा आहे व दुसऱ्या हाती रडवा. सुख आणि दुःख ही दोन्ही नटाला सारख्याच सामर्थ्याने दाखविता आली पाहिजेत, असे ती मूर्ती जणू सुचविते. मूर्तीचे नाव 'ॲक्टर', म्हणजे नट, असे आहे. ह्याच नावावरून सोहळ्याला 'ॲक्टर अवॉर्ड्स' म्हणण्याचे २०२५ साली ठरले.

परंतु ह्या सोहळ्याचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. तेथे एकेका नटाचा गौरव होतो, तसाच एखाद्या कलाकृतीतील साऱ्या प्रमुख नटवर्गाचाही एकत्र गौरव होतो. चित्रपटासाठी असा सामूहिक पुरस्कार प्रथम १९९६ साली 'अपोलो १३' ह्या चित्रपटाला लाभला. संकटात सापडलेले तीन अंतराळवीर अनेकांच्या सहकार्याने सुखरूप पृथ्वीवर परतले, ही त्याची सत्यकथा. २००८ पासून उंचावरून उड्या घेणाऱ्या, आगीतून धावणाऱ्या साहसी कलावंतांच्या पथकांनाही पुरस्कार मिळू लागला. ह्या धाडसी माणसांची नावे प्रेक्षकांना क्वचितच ठाऊक असतात.

२००९ साली ह्या मानाचा मुंबईशीही संबंध आला. मुंबईतील जीवनावर बेतलेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर' ह्या चित्रपटाच्या नटवर्गाला सामूहिक पुरस्कार लाभला. इरफान खान, अनिल कपूर ह्यांच्यासारख्या अनुभवी नटांच्या नावांबरोबर मुंबईच्या बालनटांची नावेही त्या यादीत होती. थोरांचा मान वेगळा व लहानांचा वेगळा, असा भेद तेथे केला गेला नाही.

नाटक असो वा चित्रपट, राजाची भूमिका करणाऱ्याला राजेपण येते ते समोर मान लववून उभ्या असलेल्या सेवकामुळे. तो सेवक जर बेफिकीरपणे उभा राहील, तर राजाचे भरजरी वस्त्रही व्यर्थ ठरेल. आपल्या यशात सोबत्यांचा वाटा ओळखणे आणि सोबत्याच्या यशाला मोकळ्या मनाने दाद देणे, ह्यांतच खऱ्या कलावंताचे मोठेपण असते.

स्वाध्याय

१. १९३३ साली नटांना संघ स्थापन करण्याची गरज का वाटली?
२. मूर्तीच्या हातातील दोन मुखवटे काय सुचवितात?
३. 'राजाला राजेपण सेवकामुळे येते', हा विचार तुमच्या शाळेतील एखाद्या कार्यक्रमाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : पारख असणे, ददात नसणे, दाद देणे.