गायक नसलेला रॉक : जेफ बेक आणि 'ब्लो बाय ब्लो'

हॉस्टेलवर गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाचा सिलॅबस जवळपास ठरलेला असतो. आधी चार कॉर्ड्स, मग एखादं हिंदी गाणं, मग रॉकचे रिफ्स आणि शेवटी एकच ध्यास, तो म्हणजे स्पीड! ज्याची बोटं जास्त पळतात तो जास्त भारी. पण ज्याच्याकडे स्पीडही होता आणि नावही होतं, अशा एका गिटारिस्टने वयाच्या तिसाव्या वर्षी आपली लाईनच बदलली. त्याचं नाव जेफ बेक. त्याने हे का केलं आणि त्यातून आपल्याला काय शिकता येईल, ते या लेखात बघूया.

आधी थोडी पार्श्वभूमी

जेफ बेकचा जन्म १९४४ चा, इंग्लंडमधला. १९६५ मध्ये एरिक क्लॅप्टनने 'यार्डबर्ड्स' हा बँड सोडला आणि त्याच्या जागी बेक आला. पुढे त्याने स्वतःचा 'जेफ बेक ग्रुप' काढला. १९६८ च्या 'ट्रुथ' या अल्बममध्ये गायक होता रॉड स्टुअर्ट. पण बेकचे बँड टिकत नसत. १९६९ मध्ये स्टुअर्ट आणि रॉनी वुड निघून गेले. त्याच वर्षाच्या शेवटी बेकला मोटार अपघात झाला आणि पुढचे बेत लांबले. नवा ग्रुप जमवला, तोही १९७२ मध्ये मोडला. मग 'बेक, बोगर्ट अँड अ‍ॅपिस' हे त्रिकूट आलं. त्याचीही तीच गत झाली.

म्हणजे बघा, १९७४ साली हा माणूस प्रसिद्ध होता, पण हातात बँड नव्हता. अशा वेळी कुणीही नवीन गायक शोधला असता. बेकने गायकाची जागाच रद्द केली.

वारं कुठून आलं?

त्या काळात जॅझचे लोक इलेक्ट्रिक वाद्यं घेऊन रॉकइतक्या मोठ्या आवाजात वाजवू लागले होते. गिटारिस्ट जॉन मॅक्लॉफ्लिनचा 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा' त्यात सगळ्यात पुढे होता. (हाच मॅक्लॉफ्लिन पुढे आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती'त वाजवू लागला.) १९७३ मध्ये ड्रमर बिली कोबमचा 'स्पेक्ट्रम' आला. त्यात टॉमी बोलिन हा रॉकचा गिटारिस्ट जॅझवाल्यांबरोबर बिनधास्त वाजवतो. हे संगीत बेकच्या मनात घर करून बसलं.

आणि प्रोड्युसर कोण मिळाला? जॉर्ज मार्टिन, बीटल्सचा! मार्टिनने नुकताच महाविष्णु ऑर्केस्ट्राचा 'अपोकॅलिप्स' हा अल्बम केला होता, म्हणजे हा प्रकार त्याला नवा नव्हता.

बँडची रचना

'ब्लो बाय ब्लो' १९७५ मध्ये आला. चार जणांचा बँड, नऊ ट्रॅक्स. कीबोर्डवर मॅक्स मिडलटन, बासवर मूळचा जमैकाचा फिल चेन, ड्रम्सवर मूळचा त्रिनिदादचा रिचर्ड बेली. इथे फंक म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. साध्या रॉकमध्ये ड्रम्स आणि बास ठोक्याला ठोका देत सरळ चालतात. फंकमध्ये एका ठोक्याचे चार बारीक भाग करतात आणि त्यातल्या कुठल्या भागावर वाजवायचं, कुठे गप्प बसायचं, यावर सगळी गंमत असते. बास दोन नोट्स टाकतो आणि थांबतो, त्या फटीत कीबोर्ड येतो, मग ड्रम्सची बारीक टिकटिक. अशा ठिकाणी गिटारिस्ट सतत वाजवत राहिला तर सगळं बिघडतं. जॅझमुळे कॉर्ड्स गुंतागुंतीचे झाले आणि आयत्या वेळी सुचेल ते वाजवायची मोकळीक आली. आवाजाचा कणखरपणा मात्र रॉकचाच राहिला.

तालही नेहमीचा चारचा नाही. 'स्कॅटरब्रेन' नऊच्या हिशोबात पळतं, 'डायमंड डस्ट' पाचच्या. ऐकताना बेंचवर बोटाने मोजून बघा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत चुकाल, मग हळूहळू सम सापडायला लागेल. या दोन्ही ट्रॅक्सना मार्टिनने व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यांची जोड दिली आहे.

गिटार गाते कशी?

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या बाजूचा पहिला ट्रॅक आहे 'कॉज वीव्ह एन्डेड अ‍ॅज लव्हर्स'. हे मुळात शब्दांचं गाणं. स्टीवी वंडरने लिहिलेलं, आणि १९७४ मध्ये सिरीटा या गायिकेने गायलेलं. बेकने त्यातले शब्द काढून टाकले. मग उरलं काय?

सुरुवात ऐका. तार छेडल्याचा 'टण' आवाजच येत नाही. तार छेडताना व्हॉल्यूमचं बटण शून्यावर असतं आणि मग करंगळीने ते हळूच वर नेतात. आवाजाचा सुरुवातीचा धक्का गाळला जातो आणि सूर माणसाच्या श्वासासारखा फुलतो. मग तो तार ओढतो. ताण वाढला की फ्रिक्वेन्सी वाढते, हे फिजिक्समध्ये आपण शिकलोच आहोत. पण किती ओढायची आणि किती वेळ घ्यायचा, हे पुस्तकात नाही. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात, साधारण तीच जात. गायिका ज्या जागी श्वास घेईल त्या जागी बेकही थांबतो. ट्रॅकचा जीव त्या थांबण्यात आहे. हा ट्रॅक त्याने रॉय ब्युकॅनन या गिटारिस्टला अर्पण केला होता.

इंजिनिअर मंडळींसाठी अजून एक ट्रॅक, बीटल्सचं 'शीज अ वुमन'. यात टॉक बॉक्स आहे. गिटारचा आवाज एका छोट्या स्पीकरमधून प्लॅस्टिकच्या नळीने वाजवणाऱ्याच्या तोंडात येतो. तो ओठ-जीभ हलवून त्याला आकार देतो आणि समोरचा माईक ते पकडतो. थोडक्यात, तोंड हाच फिल्टर! गायक नाही म्हणता म्हणता गिटारच अर्धवट बोलायला लागते.

मग झालं काय?

गायक नाही म्हटल्यावर हा अल्बम किती चालणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण तो अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेला. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, 'वायर्ड' आला. त्यात महाविष्णुवाला यान हॅमर कीबोर्डवर होता. त्यानंतर बेकचं मुख्य काम वाद्यसंगीतच राहिलं. १० जानेवारी २०२३ ला तो गेला.

माझ्या मते बेकने रॉक सोडून काहीतरी 'उच्च' संगीत पकडलं, असं म्हणणं चुकीचं आहे. आवाज रॉकचाच होता. फरक एवढाच, की गायक गेल्यावर त्याला रिकामी जागा नोट्सनी भरून काढता आली असती, पण त्याने ती बासला, ड्रम्सला आणि शांततेला दिली. २००७ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये त्याने हेच गाणं वाजवलं. त्यात जेमतेम विशीतल्या टॅल विल्कनफेल्ड या बासिस्ट मुलीला तो सोलो देतो आणि स्वतः मागे राहतो. साठी ओलांडलेला एवढा मोठा माणूस!

आपल्या गॅदरिंगच्या बँड्समध्ये गायक कोण यावरून भांडणं होतात, आणि प्रॅक्टिसला चौघंही एकाच वेळी फुल व्हॉल्यूममध्ये वाजवतात. या वेळी एक प्रयोग करून बघा. एक ओळखीचं गाणं घ्या, शब्द काढा आणि गाणाऱ्याने जिथे श्वास घेतला असता तिथे सगळ्यांनी थांबा. गाणं तरीही कळलं, तर समजा जमलं!